नारळ कोणी घेतला

नागाव, १४ जानेवारी

बाबा,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे. या वेळी तो मी लिहीत नाही. राग उतरला की वेगळा पाठवीन.

आज संक्रांत. सकाळी मेसमध्ये प्रत्येकीच्या ताटात तिळाचा लाडू होता आणि समोरच्या भिंतीवर नेहमीची पाटी, 'जेवताना बोलू नये'. त्यामुळे गोड बोला असं कुणी कुणाला म्हणालं नाही. मला तुमची आठवण आली. गेल्या रविवारी तुम्हीही हेच केलंत.

वाडीत सगळ्यांना एव्हाना कळलं असेल, की दत्ता तांडेलाची पोरगी क्लासमधून पळून आली आणि बापाने तिला उभ्या उभ्या परत नेऊन सोडली. लोक तुमचं कौतुकही करत असतील. माझ्या बाजूने काय घडलं ते आता ऐका. मी सकाळी कुणाला न सांगता निघाले, रेवदंडा, मुरूड करत आगरदांड्याला आले, लाँचने दिघी गाठली आणि दुपारी आपल्या दारात उभी राहिले. आत्याने पान वाढलं. तुम्ही पडवीत जाळं शिवत होतात. मान वर करून पाहिलंत, खुंटीवरचा शर्ट घातलात, चपला सरकवल्यात आणि रस्त्याला लागलात. मी तुमच्या मागून. भात पानातच राहिला. परतीच्या लाँचवर आपण एकाच बाकावर बसलो होतो आणि तुम्ही सगळा वेळ जंजिऱ्याकडे बघत होतात, जसा काही तो आजच बांधलाय. इथे फाटकाशी धनेश सरांना म्हणालात, "हंगाम पुरा केल्याबिगर ती येनार न्हाय." मला एक शब्द नाही.

तुम्हाला वाटतं मी अभ्यासाला कंटाळून पळाले. बाबा, मी अभ्यास करायला घरी आले होते.

तुम्ही मला इथे घातलंत त्या दिवशी ऑफिस पाहिलंत, गणपतीची मूर्ती पाहिलीत, 'एकाग्र अकॅडमी' हा फलक पाहिलात. मागच्या बाजूला गेला नाहीत. ही जागा पूर्वी होमस्टे होती. नारळाच्या बागेत खोल्या आणि मधोमध पोहायचा तलाव. तलावातलं पाणी काढून टाकलंय आणि त्याच्या तळाशी, निळ्या फरशीवर, आम्हाला बसवतात. खाली उतरलं की आजूबाजूचं काही दिसत नाही, म्हणून मन भरकटत नाही, असं धनेश सरांचं म्हणणं. शिकवणारे सर पडद्यावर असतात, आधीच रेकॉर्ड केलेले. शंका आली तर चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायची. उत्तर येईपर्यंत शंका काय होती हेच आठवत नाही.

इथल्या पद्धतीला 'मौन अभ्यास' म्हणतात. पुस्तक मनात वाचायचं, पुन्हा मनात वाचायचं, रंगीत पेनाने ओळी रंगवायच्या, मग झाकून लिहायचं. मोठ्याने वाचायचं नाही, पुटपुटायचं नाही, शेजारणीला समजावून सांगायचं नाही. लक्ष ठेवायला सदा म्हणून एक जण आहे. तो आधी किनाऱ्यावर पर्यटकांना बनाना राइड द्यायचा आणि तेव्हाची शिटी अजून त्याच्या गळ्यात आहे. कुणाचे ओठ हलले की तो काठावरून शिटी मारतो. शांतता राखण्यासाठी अख्ख्या तलावात शिटी घुमते, सगळ्या पोरी दचकतात, आणि यात काही चुकतंय असं त्याला किंवा सरांना वाटत नाही. जिचे ओठ वारंवार हलतात तिला मास्क लावून बसवतात. करोनातले उरलेत बरेच.

मला कधी लावला नाही. माझं ठीक चाललंय.

पत्र ऑफिसात उघडंच द्यायचा नियम आहे. तेव्हा धनेश सर, इथपर्यंत वाचलं असेल तर त्या शिटीचं तेवढं बघा. आणि आत्या, हे तूच मोठ्याने वाचते आहेस आणि बाबा ऐकू येत नसल्यासारखे मान खाली घालून बसलेत, हे मला इथून दिसतंय. आवाज जरा चढव.

मृणाली


नागाव, ८ फेब्रुवारी

बाबा,

आत्याचं पत्र मिळालं. 'जेवतेस ना' हे तिने इतक्या वेळा विचारलंय की दुसरं लिहायला जागाच उरली नाही. तळाशी बारीक अक्षरात तुमचा निरोप आहे. 'दादा म्हनतो, खलाशी हंगाम अर्धा टाकून बोट सोडत न्हाय.'

मी हे वाचलं आणि पत्र चुरगाळून गादीखाली ठेवलं. मग काढून पुन्हा वाचलं, कारण मला खरंच वाटेना.

मी खलाशी कधी झाले? नारळी पौर्णिमेला आपल्या ओट्यावर काय होतं ते मी लहानपणापासून बघते आहे. तुम्ही बोटीचे तांडेल म्हणून उभे असता, एकेक खलाशी पुढे येतो, तुमच्या हातून दोन्ही हातांनी नारळ घेतो, घरी नेऊन देवापुढे ठेवतो. हंगाम संपून बोटी किनाऱ्यावर ओढेपर्यंत तो नारळ तिथेच असतो आणि तोवर तो माणूस दुसऱ्या बोटीवर पाय ठेवत नाही. आपल्या बोटीवरच्या विठोबाकाकांना बाजूच्या बोटवाल्याने किती आमिषं दाखवली, ते गेले नाहीत. ती रीत चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण ती समुद्राची रीत आहे. बोट अर्ध्यावर सोडली तर मागे राहिलेल्यांच्या जिवावर बेततं म्हणून ती केली. मी या कोरड्या तलावातून उठून गेले तर कोण बुडणार आहे?

तुमचा माझ्यावरचा खरा राग वेगळाच आहे. मागच्या वर्षी मी बारावीबरोबर नीटची परीक्षा दिली, मेडिकलला थोडक्यात मुकले, आणि तुम्ही म्हणालात, "गप्पा मारून कुनी डाक्टर व्हत न्हाय." वर्षभर तुम्ही मला आत्यापाशी उभी राहून तोंड चालवताना पाहिलंत आणि तुम्हाला त्या गप्पा वाटल्या. तो अभ्यास होता. तुम्ही कधी जवळ येऊन ऐकलं असतंत तर कळलं असतं.

आत्या वलांडीच्या बांबूंवर बोंबील टांगायची आणि मी शेजारी उभी राहून तिला धडा सांगायचे. आपल्या भाषेत, तिला कळेल असा. आत्या सातवी शिकलेली, तिला हृदयाचं काय माहीत असणार. पण गिऱ्हाईक मासळीचा कल्ला उचलून बघतं ना, तशी ती माझं प्रत्येक वाक्य उचलून बघायची. एकदा मी तिला सांगत होते की हृदयात झडपा असतात.

"त्या कशाला?"

"रक्त मागे येऊ नये म्हणून."

"ते मागं का यील?"

"दाब कमी झाला की येणारच."

"मना न्हाय कललं. परत सांग."

मी पुस्तकातलं वाक्य परत म्हटलं. तिने बोंबील टांगता टांगता नाही म्हणून मान हलवली. मग मला आपल्या विहिरीचा पंप आठवला. म्हटलं, आत्या, पंप बंद केला तरी पाईपमधलं पाणी खाली विहिरीत का पडत नाही? तर ती म्हणाली, "फुटवॉल हाय ना तलाला." म्हटलं, तोच. हृदयात तसले फुटवॉल आहेत. "मंग आसं सांग ना पयल्यानी," असं म्हणून ती पुढच्या बांबूकडे गेली. बाबा, तो धडा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

प्रश्नपत्रिका सोडवायची तरी तेच. चार पर्यायांतला बरोबर कुठला ते सांगून तिचं भागत नसे. बाकीचे तीन का नाहीत, हे एकेक करून पटवावं लागे. तिला पटवायला मला आधी स्वतःला कळून घ्यावं लागायचं. कुठे अडले की त्या जागी माझं कच्चं आहे हे तिथल्या तिथे उघड व्हायचं.

इथे कच्चं काय आणि पक्कं काय, काहीच कळत नाही. पान रंगवलं की झालं असं वाटतं.

मी असं म्हणत नाही की मौन अभ्यास वाईटच. माझ्या खोलीतली रुचिता तळा गावची आहे, तिला माणसांचा आवाज आला की सुचत नाही. ती या तलावात बसून पहिली येते आणि तिचं बरोबर आहे. पण तुम्ही बोंबलाला डोल लावता आणि पापलेटला वेगळं जाळं नेता. डोलीत पापलेट आलं नाही म्हणून पापलेटला शिव्या घालताना मी तुम्हाला पाहिलेलं नाही. मग माझ्यावरच का?

मार्क विचारू नका. चाचण्या चालू आहेत.

मृणाली


नागाव, २८ फेब्रुवारी

बाबा,

हे पत्र ऑफिसातून आलेलं नाही. ज्यांचे मार्क चांगले त्यांना शिमग्याला घरी सोडलंय. रुचिता निघाली आहे, ती तळ्याला पोचली की पोस्टात टाकेल. तेव्हा आज खरं लिहिते. आधीच्या पत्रांत सगळं खरं नव्हतं.

मास्क मला लावतात. दिवाळीपासून रोज. वाचायला लागले की माझे ओठ आपोआप हलतात, मी तरी काय करू. सुरुवातीला सदा शिटी मारायचा, मग सर म्हणाले हिच्यापायी सगळ्यांचा वेळ जातो, हिला कायमचाच लावा. तलावाच्या खोल टोकाला माझी जागा आहे. बाकीच्या मुली वर चढताना माझ्याकडे बघत नाहीत. त्यांचं काही चुकत नाही, मी असते तर मीही बघितलं नसतं.

दुसरं फोनचं. रविवारी ऑफिसातून घरी फोन लावून देतात. आत्या लिहिते, फोनला काहीतरी झालंय, नुसता श्वास ऐकू येतो. फोनला काही झालेलं नाही आत्या. मीच होते. कानाला लावला आणि तुझा 'हालो' ऐकला की काय बोलायचं ते डोक्यात असायचं, पण तोंडातून निघायचं नाही. आठवडाभर तोंड मिटून ठेवलं की रविवारी ते उघडतंच असं नाही. तू हॅलो हॅलो करत राहिलीस आणि सदा घड्याळ बघत राहिला. मला त्याची इतकी चीड आली की बाहेर येऊन मी नारळाच्या झाडावर हात आपटला. हाताला फार लागलेलं नाही.

तिसरं तुम्हाला सांगायचंच नव्हतं. परवाच्या चाचणीत हृदयाची आकृती आली होती. तीच, फुटवॉलची. मी कागदाकडे बघत बसले आणि मला काही आठवलं नाही. घरी सांगितलेलं ते सगळं इथे पुन्हा पुन्हा मनात वाचून, पिवळं हिरवं रंगवून, पुसून गेलंय. मागच्या वर्षी नीटला होते त्याच्यापेक्षा माझे मार्क आता कमी आहेत. ऑफिसातून तुम्हाला 'प्रगती समाधानकारक' असा मेसेज येत असेल. तो सगळ्यांनाच जातो.

परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे. तुम्हीच म्हणाला होतात, आणखी एकदाच, त्यानंतर नाही. मी तेव्हा कबूल केलं. पण त्या एकदाच्या वेळेला मी अशी मुकी होऊन बसणार असेन, तर ती वेळ तुम्ही माझ्याकडून काढून घेतली असंच मी म्हणेन. आणि ते मी आयुष्यभर म्हणेन, हे आत्ताच सांगून ठेवते.

मला घरी येऊ द्या. परीक्षेपर्यंत मला आत्यापाशी उभी राहून मोठ्याने बोलू द्या. दुसरं काही मागत नाही. तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल.

मृणाली


नागाव, १७ मार्च

बाबा,

आत्याचं पत्र आलं. लिहिते, 'दादानं सगलं आयकलं. मंग उठून बंदरावं गेला. जेवला न्हाय. म्हनतो, मी नारल दिलाय, आता मी काय करू.'

हे पत्र मी मुद्दाम ऑफिसातूनच, उघडं, पाठवते आहे. धनेश सरांनी वाचावं. वाचून हसतील, हसू देत.

तुम्ही म्हणता नारळ दिलाय. बरं. कोणी दिला? तुम्ही. मला इथे घातलंत त्या दिवशी मी शेजारीच होते. तुम्ही पांढरा शर्ट घातला होता, पिशवीतून नारळ काढलात, वर हळद-कुंकू लावलेलं होतं, आणि दोन्ही हातांनी धनेश सरांपुढे धरलात. म्हणालात, "पोर तुमचे हवाली." आणि नारळ कोणी घेतला? सरांनी. तोही एका हाताने, कारण दुसऱ्या हातात त्यांचा मोबाईल होता.

आता मला सांगा. आपल्या ओट्यावर नारळ देतो कोण आणि घेतो कोण? तांडेल देतो. खलाशी घेतो. ज्याने घेतला तो हंगामभर बांधला गेला. मी तर त्या नारळाला बोटही लावलेलं नाही. मी कुणाची खलाशी नाही. आपल्या रीतीप्रमाणे खलाशी झाले ते धनेश सर. आणि त्यांचे तांडेल तुम्ही.

तुम्हाला वाटलं, मोठा माणूस आहे, शिकलेला आहे, बोट त्याची. म्हणून तुम्ही त्या दिवसापासून त्याच्यापुढे हात जोडून उभे आहात आणि पोरीने तोंड उघडलं की तुम्हाला बेइमानी वाटते. इतकी वर्षं तुम्ही लोकांना नारळ देताय बाबा. इथे येऊन कोणत्या बाजूला उभे आहोत हे कसं विसरलात?

तांडेल खलाशाला विचारतो, जाळं का फाटलं. तुम्ही एकदा येऊन विचारलं पाहिजे. मी हट्ट करत नाही. मी रीत सांगते आहे, आणि ती मला तुम्हीच दाखवली.

मृणाली


वाडी, १२ एप्रिल

बाबा,

राहिलेला साष्टांग नमस्कार आधी घ्या. राग पूर्ण उतरलेला नाही, पण नमस्कार अडकवून ठेवण्याइतका उरलेला नाही.

एकाच घरात राहून पत्र लिहिते म्हणून हसू नका. उद्या सकाळी बोट सुटेल, आत्या डबा भरेल, त्यात भाकरीवर हे पत्र ठेवणार आहे. आत्या काही बोटीवर येणार नाही, तेव्हा या वेळी तुम्हाला स्वतःच वाचावं लागेल. तुम्हाला वाचता येतं, मला माहीत आहे.

नागावच्या त्या दिवसाबद्दल तुम्ही घरी काही सांगितलं नाही. आत्या मला विचारते, मी सांगते, पण तुमच्या बाजूने ते कसं होतं मला ठाऊक नाही. माझ्या बाजूने सांगते. मी खोल टोकाला मास्क लावून बसले होते. शिटी वाजली. मला वाटलं माझ्यासाठी, पण सदा दुसरीकडे बघत होता. तलावाच्या शिडीवरून पांढरा शर्ट घातलेला एक माणूस खाली उतरत होता आणि त्याच्या चपला फरशीवर वाजत होत्या. सदा शिटी मारत राहिला आणि तुम्ही चालत राहिलात, सगळ्या मुलींच्या मधून, माझ्यापर्यंत. तुम्ही माझा मास्क काढलात आणि खिशात घातलात. अजून तो तुमच्या खिशात आहे का? असेल तर टाकून द्या.

मग धनेश सर आले. तुम्ही त्यांना म्हणालात, "तुमी माजे हातचा नारल घेतलाव. तवा मी इचारनार आनि तुमी सांगनार. पोरीचं तोंड का बांदलं?"

सर म्हणाले, "दत्ताभाऊ, हे डिसिप्लिन आहे. रिझल्ट बघा ना आमचे."

"रिझल नंतर बगू. नारल कुटं हाय?"

"कसला नारळ?"

"मी दिल्ता त्यो."

सर हसले. वाईट मनाने नाही हसले, हे मी कबूल करते. त्यांना खरंच गंमत वाटली. म्हणाले, "अहो, तो त्याच दिवशी मेसला दिला. चटणी झाली त्याची. एवढी बाग आहे इथे, दुसरा देतो, दोन देतो."

तुमचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. मला तोवर तुमचा फार राग होता, आणि त्या क्षणी तो सगळा तुमच्यावरून उठून सरांवर जाऊन बसला. ज्या नारळापायी तुम्ही मला रविवारी उपाशी परत आणून सोडलंत, ज्यापायी तुम्ही जेवला नाहीत, तो त्यांनी दुपारच्या डोशाबरोबर खाऊन टाकला होता. मीही खाल्ली असणार ती चटणी. मला आठवत नाही.

तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "मंग तुमचा हंगाम तवाच सरला." माझी पेटी उचललीत. रुचिता तलावातून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "मृणाली, नीट जा." सदाने शिटी तोंडाला नेली आणि तशीच खाली सोडली.

लाँचवर तुम्ही परत जंजिऱ्याकडे बघत बसलात. मी मनाशी म्हटलं, बोलला नाहीत तरी हरकत नाही, मीच लिहिलं होतं तसं.

घरी आल्यावर सुरुवातीला माझा आवाज धड निघत नव्हता. आत्या म्हणायची, "बोल, बोंबील काय तुजी चाडी करनार न्हाईत." मग हळूहळू आलं. फुटवॉल परत आला. आत्याला मी मेंदू सांगितला, प्रकाश सांगितला, आम्ल आणि अल्कली सांगितलं, आणि ती पहिल्यासारखीच काही सहजासहजी पटवून न घेता ऐकत राहिली. तुम्ही जाळं घेऊन पडवीत बसत होतात. मग अंगणात बसायला लागलात. मग वलांडीच्या सावलीत. मला दिसत होतं. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर तुम्ही परत पडवीत गेला असता.

आणि काल. मी आत्याला पाणी आणि मिठाचं सांगत होते. जिकडे मीठ जास्त तिकडे पाणी ओढलं जातं, म्हणून मीठ लावलेल्या बोंबलाला पाणी सुटतं. आत्याने मान हलवली, तिला ते रोजचंच. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मना न्हाय कललं. परत सांग."

आत्याच्या हातातला बोंबील खाली पडला. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत आणि बोललात तर हे. मी मागे वळून पाहिलं नाही. मला रडू येत होतं आणि ते तुम्हाला दाखवायचं नव्हतं. मी परत सांगितलं, पहिल्यापासून. तुम्ही सुई जाळ्यात अडकवून ठेवलीत आणि म्हणालात, "मंग मासा जलमभर खाऱ्या पान्यात ऱ्हातो. त्याचं पानी का न्हाय सुटत? त्यो खारा का न्हाय व्हत?"

 एवढं विचारून तुम्ही जाळं खांद्यावर टाकून बंदराकडे गेलात. असं करतात का बाबा? इतक्या महिन्यांनी तोंड उघडायचं, माणसाला प्रश्नात अडकवायचं आणि निघून जायचं? मी काल जेवताना तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आज सकाळपासून पुस्तकं काढून बसले होते. आता सांगते. नीट वाचा.

तुमचं बरोबर आहे. समुद्राचं पाणी माशाच्या अंगातल्यापेक्षा खारं, म्हणून माशाच्या अंगातलं पाणी सारखं बाहेर जात असतं. ते भरून काढायला मासा समुद्राचं पाणी पीत राहतो. पाण्याबरोबर मीठही पोटात जातं. ते मीठ तो कल्ल्यांतून बाहेर टाकतो. कल्ल्यांत त्यासाठी वेगळ्या पेशी असतात. आपल्याला वाटतं कल्ला फक्त श्वासाला, पण तो हेही काम करतो. पाणी घ्यायचं, मीठ फेकायचं, रात्रंदिवस. जिवंत आहे तोवर हे चालू राहतं. मेला की थांबतं, आणि मग आत्या लावते ते मीठ आत शिरतं.

मुशीचं, पुस्तकातल्या शार्कचं, जरा वेगळं आहे. ते लिहिण्यात येणार नाही, सांगावं लागेल. तुम्ही आलात की सांगते, आणि नाही कळलं तर परत सांगते.

मृणाली